सालीत मुरलेला चहा

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर, ग्वांगदोंग प्रांतात, शिनहुई नावाचा जिल्हा आहे. तिथल्या संत्र्यांच्या बागांमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये पहिली तोडणी सुरू होते, तेव्हा फळ हिरवंगार, लिंबाएवढं आणि आंबटढाण असतं. ते खाण्याच्या लायकीचं नसतं आणि खाण्यासाठी तोडलेलंही नसतं. एका टोकाची लहानशी चकती गोल कापून बाजूला ठेवतात. त्या भोकातून आतला गर कोरून काढतात. पोकळ झालेलं फळ धुऊन, निथळून त्यात काळपट सुटी चहापत्ती भरतात, चकतीचं झाकण परत बसवतात आणि फळ वाळत घालतात. वाळल्यावर त्याचा हिरवा रंग काळपट होतो, साल कडक होते आणि वजन साधारण आठ ते पंधरा ग्रॅम उरतं. पातळ कागदात गुंडाळलेलं हे फळ मुठीत सहज मावतं. चिनी भाषेत त्याला ‘श्याव छिंग गान’ म्हणतात. एक फळ म्हणजे एका बैठकीचा चहा.

संत्र्या-लिंबाचा वास असलेले चहा जगात पुष्कळ आहेत. त्यातला सर्वांत प्रसिद्ध अर्ल ग्रे. काळ्या चहाला बर्गमॉट या फळाच्या सालीचं तेल लावलं की तो तयार होतो. तो वास पत्तीवर वरून चढवलेला असतो, त्यामुळे पहिल्या कपात तो भरभरून येतो आणि दुसऱ्या पाण्यात जवळजवळ संपतो. शिनहुईच्या फळाची गोष्ट मुळातच वेगळी आहे. इथे साल आणि पत्ती हे दोन स्वतंत्र पदार्थ आहेत. दोघांचं वय वेगळं, दोघांचा मुरण्याचा वेग वेगळा, आणि गरम पाण्याला आपला अर्क देण्याची घाईही वेगळी. म्हणून एकाच फळाचं पहिलं पाणी आणि सहावं पाणी यांत इतका फरक पडतो की दोन वेगळे चहा प्यायल्यासारखं वाटावं. हा चहा एका कपावरून जोखायचा नसतो. तो ओळीने प्यायचा असतो, हे माझ्या मते त्याच्याबद्दलचं सर्वांत महत्त्वाचं सांगणं आहे.

आधी साल. शिनहुईचं संत्रं हे मँडरिन कुळातलं, पण त्याचा गर तिथे दुय्यम. किंमत सालीला. फळ सोलायचं, साल वाळवायची आणि गराचं काय करायचं हा प्रश्न मागाहून सोडवायचा, अशी तिथली उलटी रीत. पिकलेल्या फळाची साल सोलताना सुरीच्या चिरा अशा देतात की तिच्या तीन पाकळ्या होतात आणि त्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या राहतात. ती उन्हात वाळवून वर्षानुवर्षं साठवतात, अधूनमधून पुन्हा ऊन दाखवतात. निदान तीन वर्षं मुरलेल्या सालीलाच ‘चेनपी’ हे नाव मिळतं. दहा, वीस वर्षांची चेनपी तिथे घरातल्या ठेवणीत असते. सुरुवातीचा तिखट, नाकात जाणारा तेलाचा वास वर्षांबरोबर उडत जातो आणि त्याच्या जागी खोल, किंचित औषधी सुगंध येतो. रंग केशरीकडून तपकिरीकडे आणि पुढे काळपटाकडे जातो.

ग्वांगदोंगी माणूस ही साल औषधात वापरतो, तशीच स्वयंपाकातही. बदकाच्या रश्श्यात आणि लाल चवळीसारख्या बारीक दाण्यांच्या गोड पातळ खिरीत तिचा तुकडा हटकून पडतो. चेनपी, जुनं आलं आणि भाताचा पेंढा ही ग्वांगदोंगची तीन रत्नं, अशी तिकडे जुनी म्हण आहे. मिंग काळातल्या ली शिचेन या वैद्याने आपल्या प्रचंड औषधीग्रंथात संत्र्याच्या सालीविषयी लिहिताना ग्वांगदोंगकडच्या सालीलाच अग्रमान दिला. तो ग्रंथ १५९६ च्या सुमारास छापून आला, म्हणजे या सालीचा लौकिक निदान सव्वाचारशे वर्षांचा आहे. शिनहुईच्या चेनपीला २००६ मध्ये चीनमध्ये भौगोलिक संरक्षण मिळालं.

ही साल तिथलीच का चांगली? शिनहुई नदीमुखाच्या प्रदेशात आहे. शीज्यांग आणि थानज्यांग या नद्यांचं गोडं पाणी आणि भरतीचं खारं पाणी तिथे एकमेकांत मिसळतं, आणि त्या गाळाच्या जमिनीवर बागा उभ्या आहेत. याच भागातल्या यामेनच्या मुखाशी १२७९ मध्ये झालेल्या आरमारी लढाईत सोंग राजवंशाचा शेवट झाला. आधुनिक चीनचे मोठे विचारवंत लियांग छीछाव हेही १८७३ मध्ये शिनहुईतल्याच चाखंग गावी जन्मले, आणि आज चाखंगचं नाव उत्तम सालीच्या गावांत घेतलं जातं. तिथले बागायतदार सालीच्या गुणाचं श्रेय या मिश्र पाण्याला आणि गाळाला देतात.

तोडणीचे तीन हंगाम असतात. उन्हाळ्यापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंत हिरवं फळ, मग अर्धवट रंग धरलेलं, आणि हिवाळ्यात पूर्ण पिकलेलं लालसर केशरी. हिरव्या सालीत तेलाचा जोर, थोडा कडवटपणा आणि तरतरी. पिकलेल्या सालीत गोडवा आणि जाडी. चहा भरण्यासाठी दोन्ही वापरतात. पिकलेल्या मोठ्या फळाच्या चहाला ‘दा होंग गान’ म्हणतात. एका फळात चार-पाच जणांचा चहा सहज होतो, आणि तो हिरव्यापेक्षा मवाळ लागतो.

आता पत्ती. ती ग्वांगदोंगची नाही. ती हजार किलोमीटरहून दूर असलेल्या युनान प्रांतातून येते आणि तिचं नाव पू-अर. युनानचं चहाचं झाड मोठ्या पानांचं असतं. वनस्पतिशास्त्र त्याला जो प्रकार म्हणतं तोच आसामच्या चहाचाही आहे. म्हणजे आपल्या घरी उकळणारी पत्ती आणि ही पत्ती यांचं कूळ एक. फरक पुढच्या संस्कारांत आहे. आपला सीटीसी चहा काळा होतो तो पानातल्याच विकरांमुळे, पान चुरडून हवेशी संयोग झाल्यावर. कारखान्यात त्या टप्प्याला आंबवणं म्हणायची पद्धत असली तरी त्यात सूक्ष्मजीवांचा वाटा नसतो. पू-अरमध्ये मात्र खरोखरच सूक्ष्मजीव काम करतात.

पूर्वी हे काम काळावर सोडलेलं असे. उन्हात वाळवलेली पत्ती दाबून तिच्या चकत्या करायच्या आणि त्या दहा-वीस वर्षं ठेवायच्या. हाँगकाँगच्या चहागृहांना असा जुना, मऊ झालेला चहा हवा असे, आणि मागणीच्या मानाने जुना माल कधीच पुरत नसे. त्यावर ओल देऊन पत्ती लवकर मुरवण्याचे प्रयोग ग्वांगदोंगमध्ये सुरू झाले होते. १९७३ मध्ये युनानच्या चहा कारखान्यांतली माणसं ग्वांगदोंगला गेली, ती पद्धत पाहून आली आणि कुनमिंगच्या कारखान्यात त्यांनी ती आपल्या पानावर बसवली. मंगहायच्या कारखान्यानेही ती उचलली. पत्तीचा कमरेएवढा ढीग करायचा, त्यावर पाणी मारायचं आणि कापडाने झाकायचा. भिजलेल्या गवताची गंजी आतून तापते तसा तो ढीग आतून तापतो आणि तापमान साठ अंशांच्या आसपास जातं. फार तापला तर पत्ती जळकी होते, म्हणून कामगार ठरावीक दिवसांनी तो फावड्याने उलटापालटा करतात. दीड-दोन महिन्यांत काम होतं. तुरटपणा देणारी कॅटेचिनं मोठ्या प्रमाणात मोडतात आणि त्यांच्यापासून थिआब्राउनिन नावाची गडद तपकिरी द्रव्यं तयार होतात. त्यामुळे या चहाचा रंग कॉफीला लाजवील इतका काळा, पण चव मऊ आणि तुरटपणा नाममात्र, हा अनुभव पहिल्यांदा पिणाऱ्याला चकित करतो.

या ढिगात काम करणाऱ्या बुरशींमध्ये ॲस्परजिलस नायजर ही प्रमुख. हिचा संत्र्या-लिंबाशी आणखी एक गमतीदार संबंध आहे. सायट्रिक आम्ल एकेकाळी लिंबाच्या रसातूनच काढत. जेम्स करी या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये दाखवून दिलं की हीच बुरशी साखरेपासून ते आम्ल भरपूर बनवते, आणि दोन वर्षांत फायझर कंपनीने त्याचं कारखानदारी उत्पादन सुरू केलं. आज शरबताच्या बाटलीवर जे सायट्रिक आम्ल लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा लिंबातून नव्हे, या बुरशीकडून आलेलं असतं.

साल आणि पत्ती एकत्र कशी आली याची शिनहुईत एक कथा सांगतात. एकोणिसाव्या शतकात लुओ थ्येनछी नावाचे शिनहुईचे अधिकारी युनानमध्ये नोकरीवर होते. घरी परतताना त्यांनी पू-अर सोबत आणला. एकदा सर्दी-खोकल्याने बेजार असताना पत्नीने त्यांच्यासाठी चेनपीचा काढा ठेवला होता. त्यांनी तो साधं गरम पाणी समजून चहात ओतला, आणि त्यांना तो आवडला. लुओ खरे होऊन गेले. काढ्याच्या प्रसंगाकडे मात्र आख्यायिका म्हणूनच पाहावं. इतिहासाला पटणारं कारण साधं आहे. ग्वांगदोंग आणि हाँगकाँगमध्ये सकाळी न्याहारीसोबत पू-अर पिण्याची रीत जुनी, आणि चेनपी त्याच लोकांच्या घरात. दोन्ही डबे एकाच फळीवर असताना ती एकमेकांत न पडती तरच नवल. छोट्या हिरव्या फळाचा अवतार मात्र अलीकडचा. साधारण २०१५ नंतर चीनच्या शहरांत त्याची लाट आली आणि मग तो जगभर पोचला.

इथे तैवानच्या हक्का लोकांच्या चहाचाही उल्लेख केला पाहिजे, कारण तो या कुटुंबातला रांगडा भाऊ आहे. नव्या वर्षाच्या पूजेत ठेवलेली मोठी, आंबट संत्री पूजेनंतर वाया जाऊ नयेत म्हणून हक्का बायका त्यांचा गर काढून पत्तीत मिसळत आणि तो पुन्हा सालीत भरत. फळ दोऱ्याने आवळून बांधायचं, वाफवायचं, वाळवायचं, पुन्हा वाफवायचं. असं अनेकदा केल्यावर दगडासारखा काळा गोळा उरतो, तो फोडून थोडा थोडा उकळतात. शिनहुईत गर काढून टाकतात, इथे गरच कामाला लावतात. म्हणून त्याची चव सरळ आंबट. घसा बसला की मधासोबत तो घेतात.

आता प्यायला बसू.

पाणी आधी पाहा. जड पाण्यात कुठलाही चहा मुका होतो, त्याच्यावर साय धरते आणि वास दबतो. मुंबईच्या नळाचं पाणी हलकं आहे, ते चालेल. बोअरचं पाणी असेल तर गाळणयंत्राचं घ्या. दूध, साखर, आलं, वेलची यांतलं काहीही नको. भांडं लहान हवं: दीडशे मिलिलिटरच्या आसपासचं, झाकणाचं, चिनीमातीचं. चिनी लोक गायवान नावाचा झाकणाचा पेला वापरतात. आपल्याकडे छोटी चहादाणी किंवा झाकण ठेवलेला जाड कपही तेच काम करतो. मोठ्या किटलीत एक फळ टाकून दहा मिनिटं ठेवलं तर सगळी पाणी एकत्र होतात, आणि या चहाची गंमत नेमकी तिथेच मरते.

कागद सोडवला की आधी सुकं फळ हुंगा. झाकणाची चकती उचलून आतली पत्ती वेगळी हुंगा. बाहेरून तीव्र, तेलकट, हिरवट वास येईल. आतून जुन्या लाकडाचा आणि पावसानंतरच्या मातीचा. भांडं उकळत्या पाण्याने विसळून गरम करा, त्यात फळ ठेवा, झाकण लावून क्षणभर थांबा आणि पुन्हा हुंगा. उबेने तेल जागं होतं आणि दोन्ही वास पहिल्यांदा एकत्र येतात. नुसता हा वास घेण्यासाठी हा चहा करावा, असं माझं मत आहे.

फळ फोडायचं की अख्खं ठेवायचं, यावर चहाबाजांत मतभेद आहेत. फोडलं की सालीतला कडवटपणा एकदम उतरतो आणि पत्ती मागे पडते. अख्खं ठेवलं की पाणी फक्त वरच्या भोकातून आत-बाहेर करतं, सगळं हळू होतं आणि चव सांभाळली जाते. सुरुवातीला अख्खं ठेवावं, अर्क फिका पडायला लागला की मग दाबून फोडावं, या मताचा मी आहे. ज्यांना थांबवत नाही त्यांनी सुईने तळाला चार-पाच भोकं पाडावीत.

पाणी खळखळ उकळलेलं घ्या. हिरव्या चहाला जपावं तसं याला जपायचं कारण नाही. कोमट पाण्यात पू-अर उतरतच नाही. पहिलं पाणी फळाच्या तोंडातून आत ओता, पाच आकडे मोजा आणि फेकून द्या. हे धुणं आहे, आणि वाळून टणक झालेल्या पत्तीला ओल मिळण्यासाठीही ते लागतं.

मग पिण्याचं पहिलं पाणी, दहा सेकंदांचं. रंग फिकट केशरी, कारण पत्ती अजून उघडलेली नाही. हे पाणी सालीचं. तिच्यातलं लिमोनीन हे तेल पटकन उडून नाकाशी येतं आणि चहा प्रत्यक्ष जिभेवर जाण्याआधीच तरतरी देऊन जातो. मँडरिनच्या तेलात आणखी एक द्रव्य असतं, मिथाइल एन-मिथाइल अँथ्रानिलेट. नाव लांबलचक असलं तरी प्रमाणाने ते अगदी थोडं असतं, आणि मोसंबीच्या वासापेक्षा संत्र्याचा वास वेगळा वाटतो त्यात त्याचा मोठा वाटा आहे. शिनहुईच्या सालीत ते विशेष जाणवतं: नुसतं आंबटगोड नव्हे, तर फुलाकडे झुकणारं, किंचित जड. ते शोधायचं असेल तर घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. वासाचा मोठा भाग घशामागून नाकात चढतो, आणि चव म्हणून आपण ज्याला दाद देतो ते पुष्कळदा हेच असतं. आपल्या आजोबांचा बशीतला भुरका शास्त्राला धरून होता. भुरका मारला की चहाचे बारीक तुषार होतात, त्यात हवा मिसळते आणि वास वर जातो. चहा पारखण्याचा व्यवसाय करणारी माणसं जगभर मोठ्याने भुरके मारूनच चहा जोखतात.

दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला रंग झपाट्याने गडद होतो. तिसरं, चौथं आणि पाचवं ही पत्तीची पाणी. आता चहा पेल्यात काळसर लाल दिसतो आणि उजेडात धरला तर कडेला माणकाची झाक असते. चांगल्या मालाचा चहा इतका गडद असूनही स्वच्छ, पारदर्शक असतो. गढूळ दिसला तर शंका घ्या. तोंडात तो दाट लागतो. पातळ पाण्यासारखा सरळ घशात न जाता जिभेवर थांबतो, कडांना रेंगाळतो. माती, जुनं लाकूड आणि त्यांच्याखालून सावकाश वर येणारा गोडवा. संत्रं कुठे गेलं असं वाटेपर्यंत घोट गिळला जातो, आणि मग ते घशात सापडतं, थंडाव्याच्या रूपाने. साल इथे पत्तीच्या मागे उभी राहते. पत्ती एकटी असती तर जी थोडी मंद, बसकी वाटली असती, तिला ती उचलून धरते. या तीन पाण्यांसाठीच हा सगळा खटाटोप आहे, आणि यांच्यासाठी घाई करू नये. एक पेला संपवून लगेच दुसरा न ओतता मिनिटभर थांबा. गिळून झाल्यावर जिभेच्या मुळाशी जो गोडवा परत येतो, तो थांबणाऱ्यालाच कळतो.

सहाव्या पाण्यापासून भिजवण्याचा वेळ वाढवत न्यावा: पंधरा, वीस, तीस सेकंद, पुढे मिनिट. आता चमच्याच्या पाठीने फळ दाबून फोडा. सालीच्या आतला पांढरा भाग पाण्यात येतो आणि एक हलका, निरोगी कडवटपणा दाखल होतो. कारल्याच्या भाजीवर वाढलेल्या माणसाला तो खटकू नये. सात-आठ पाण्यांपर्यंत बहुतेक फळं टिकतात, काही त्याहूनही पुढे जातात.

आणि शेवटी चोथा फेकू नका. उरलेलं सगळं पातेल्यात टाका, दोन पेले पाणी घाला आणि मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळा. पत्तीत आता देण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. साल मात्र उकळल्यावर तिच्यात दडलेला गोडवा सोडते. हे पाणी फिकट, गोडसर आणि साधं असतं. घरातल्या चहा न आवडणाऱ्या माणसाला पहिल्यांदा हेच द्यावं.

सोबत खायला काय? ग्वांगदोंगमध्ये हा चहा वाफवलेल्या आणि तळलेल्या न्याहारीसोबत पितात, आणि तेलकट खाण्याशी त्याचं जमतं हे खरं. कांदाभजी, शंकरपाळ्यांपेक्षा चकली, शेंगदाणे, हे सगळं चालतं. गोडाशी त्याचं जमत नाही. पेढ्यानंतर चहातला नाजूक गोडवा सापडतच नाही.

आता दोषांबद्दल, कारण चांगला चहा ओळखायला वाईट माहीत असावा लागतो. मासळीसारखा किंवा ओल्या गोणपाटाचा दर्प आला तर पत्ती ढिगातून नुकतीच निघालेली आहे. हा दोष काही महिने मोकळ्या हवेत ठेवून कमी होतो. जळका, भाजका वास आला तर वेळ वाचवण्यासाठी फळ जास्त आचेवर वाळवलेलं आहे. जुलै-ऑगस्ट हा ग्वांगदोंगमध्ये वादळांचा काळ, ऊन भरवशाचं नाही, म्हणून बरेच कारखाने कमी तापमानाच्या भट्टीचा आधार घेतात. आच मर्यादेत असेल तर त्यात गैर काही नाही. पण आच वाढवली की सालीतलं तेल उडून जातं आणि ते परत येत नाही. आंबूस चव म्हणजे साल नीट वाळली नव्हती. कापसासारखी केसाळ बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर ते फळ सरळ कचऱ्यात. ‘मुरलेला चहा आहे, असंच असतं’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ढिगातली बुरशी आणि डब्यातली बुरशी यांत फरक आहे. आणि एक फसवा प्रकार: सुकं फळ अत्तरासारखं घमघमतं, पण दुसऱ्या पाण्यालाच वास गायब. अस्सल सालीचा वास सुरुवातीला त्याहून सौम्य असेल, पण तो सहाव्या पाण्यातही भेटतो.

शिनहुईचं नाव मोठं झाल्यामुळे इतर भागांतली संत्री त्या नावाने विकली जातात, हेही खरं आहे. वेष्टनावरच्या चित्रांवरून ते ओळखता येत नाही. म्हणून मोठा डबा घेण्याआधी एक-दोन सुटी फळं घेऊन पाहावीत. विकणारा सुटं द्यायला तयार नसेल तर दुसरा विकणारा पाहावा.

साठवणीची काळजी आपल्याकडे पावसाळ्यात. कोकणात आणि मुंबईत आषाढापासून भाद्रपदापर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून आणि उदबत्तीपासून दूर ठेवा; हा चहा शेजारचे वास फार लवकर पकडतो. फ्रिजमध्ये नको. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या हवेत चिंता कमी. नीट ठेवलेलं फळ दोन-तीन वर्षांत बिघडत नाही, उलट सालीचा तिखटपणा निवतो आणि साल-पत्ती एकमेकांत अधिक मिसळतात.

या चहाच्या नावावर वजन घटवण्यापासून रक्त शुद्ध करण्यापर्यंत बरंच काही विकलं जातं. तो चहा आहे, औषध नव्हे. कॅफीन त्यात आहेच, मुरण्याने ते जात नाही, म्हणून रात्री उशिरा पिऊ नये आणि रिकाम्या पोटीही नको. चवीसाठी प्यावा, तेवढं कारण पुरेसं आहे.

शेवटची गोष्ट आपल्या मातीतली. नागपुरी संत्रं आणि शिनहुईचं संत्रं ही एकाच जातीची, वेगवेगळ्या वाणांची फळं, दोघंही मँडरिन. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते गरासाठी. सालीकडे आपण उटण्यापलीकडे पाहिलेलं नाही. मृग बहराची फळं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिरवी आणि लिंबाएवढी असतात, आणि त्या दिवसांत विदर्भात वाळवणाला लागतं तसं कोरडं, कडक ऊन असतं, जे ग्वांगदोंगला त्यांच्या हिरव्या फळाच्या हंगामात मिळत नाही. शिनहुईची चव इथे येणार नाही. माती वेगळी, वाण वेगळा, आणि ती यावी असा आग्रहही नको. पण नागपूर, अमरावती, वरूड, काटोल इथल्या ज्या बागायतदारांना शक्य आहे त्यांनी दोन-चार झाडं फवारणीविना राखावीत, त्यांची निरोगी हिरवी फळं कोरून, आसामची चांगली पत्ती भरून वाळवावीत आणि काही फळं तीन वर्षं तशीच ठेवून पाहावीत. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने गराइतकंच लक्ष मुरवलेल्या सालीकडे दिलं तर हा प्रयोग अंदाजावर राहणार नाही.